ब्राउझरला जोड द्या, पण जपून!



हॉस्टेलवर नवीन आलेल्या मुलाला मेसची भाजी कोणत्या वारी बरी असते आणि गरम पाणी किती वाजता संपतं, हे पहिल्याच आठवड्यात कळतं. पण ब्राउझरमध्ये काय टाकावं आणि काय टाकू नये, हे त्याला कोणीच सांगत नाही. मला ते थर्ड इयरला कळलं, आणि तेही दुसऱ्याच्या पैशांनी.

झालं असं, की सबमिशनच्या धांदलीत मला एक पीडीएफ उघडायची होती. नोट्सच्या एका साईटवर 'डाउनलोड'ची चार बटणं होती. त्यातलं सगळ्यात मोठं बटण मी दाबलं आणि 'पीडीएफ उघडण्यासाठी' म्हणून एक ॲड-ऑन टाकून घेतलं. मग विसरूनही गेलो. त्या ॲड-ऑनने गुपचूप माझं सर्च बदललं होतं. आठवड्याने माझ्या रूम पार्टनरने माझ्याच लॅपटॉपवर परीक्षेचा फॉर्म शोधला. सर्वांत वर जे पान आलं ते दिसायला हुबेहूब, पण नकली होतं. त्याने पासवर्ड टाकला, 1850 रुपये भरले आणि निवांत झोपला. दुसऱ्या दिवशी ऑफिसात उत्तर मिळालं, "तुझा फॉर्म आलेलाच नाही." 1930 या सायबर हेल्पलाइनवर तक्रार केली, पण पैसे काही परत आले नाहीत. लॅपटॉप माझा, चूक माझी, पैसे त्याचे! मी ते दोन हप्त्यांत फेडले. तो एका शब्दाने बोलला नाही, म्हणून जास्तच लागलं. हा लेख त्याच्यासाठी.

आधी थोडी थिअरी. ॲड-ऑन म्हणजे ब्राउझरच्या आत बसणारा छोटा प्रोग्राम, बहुतेक वेळा जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेला. फायरफॉक्स 1.0 नोव्हेंबर 2004 मध्ये आला तो ही सोय घेऊनच, आणि त्याच्या लोकप्रियतेत या जोडण्यांचा वाटा मोठा होता. 2006 मध्ये जो हेविटने आणलेलं 'फायरबग' वेब पानं बनवणाऱ्या कित्येकांचं हत्यार होतं. ते 2017 मध्ये बंद झालं, कारण तेच काम ब्राउझर स्वतः करू लागला. आज आपण एफ-12 दाबतो ना, तेच! 'एचटीटीपीएस एव्हरीव्हेअर'चंही तसंच झालं. म्हणून धडा पहिला : जे ब्राउझरमध्ये आधीच आहे, त्यासाठी ॲड-ऑन टाकू नका. फायरफॉक्स 2013 पासून पीडीएफ स्वतः उघडतो. म्हणजे माझ्या त्या ॲड-ऑनची गरजच नव्हती!

आता खरोखर उपयोगी अशी तीन.

1) यूब्लॉक ओरिजिन. आपण एक पान उघडतो, तेव्हा ब्राउझर पाठीमागे इतर अनेक सर्व्हरकडे मागण्या पाठवतो : जाहिराती, व्हिडिओ, आपला माग काढणारे कोड. हे ॲड-ऑन प्रत्येक मागणी नियमांच्या यादीशी ताडून पाहतं आणि जुळली तर ती बाहेरच जाऊ देत नाही. त्यामुळे डेटा वाचतो, जुना लॅपटॉपही जरा दम धरतो. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे 'डाउनलोड'ची बरीचशी खोटी बटणं दिसतच नाहीत. क्रोमने 2024-25 मध्ये ॲड-ऑनची जुनी पद्धत बंद केली. नव्या पद्धतीत नियमांची यादी आधीच ब्राउझरकडे सोपवावी लागते, म्हणून तिथे 'यूब्लॉक ओरिजिन लाइट' ही हलकी आवृत्ती चालते. पूर्ण आवृत्ती हवी तर फायरफॉक्स वापरा.

2) बिटवॉर्डन. हा पासवर्ड सांभाळणारा. प्रत्येक साईटला वेगळा, लांबलचक पासवर्ड तो बनवतो आणि लक्षातही ठेवतो. पण त्याचा खरा गुण वेगळाच आहे. पान दिसायला कसं आहे याच्याशी त्याला घेणं नाही, तो फक्त पत्ता बघतो. पत्त्यात एका अक्षराचा फरक असला तरी तो पासवर्ड सुचवत नाही. आपले डोळे फसतात, तो फसत नाही. त्या रात्री हे लॅपटॉपवर असतं, तर रकाना रिकामा राहिला असता आणि पार्टनर थबकला असता. मात्र मुख्य पासवर्ड विसरलात तर कंपनीही तो काढून देऊ शकत नाही. तो वहीत लिहून पेटीत कुलूपबंद ठेवा. हसू नका, मी तसंच केलंय.

3) झोटेरो कनेक्टर. फायनल इयरवाल्यांनो आणि पीएचडी करणाऱ्या सरांनो, मॅडमनो, हे तुमच्यासाठी. झोटेरो हे मोफत सॉफ्टवेअर अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठात 2006 मध्ये फायरफॉक्सची जोडणी म्हणूनच जन्मलं. शोधनिबंधाचं पान उघडून एक बटण दाबलं, की लेखक, वर्ष, जर्नल सगळं जमा होतं. वर्डमध्ये रिपोर्ट लिहिताना आयईईई पद्धतीची यादी आपोआप तयार होते. मधेच एक संदर्भ घुसवला तर पुढचे आकडे आपोआप सरकतात. रात्री दोन वाजता ज्याने ते हाताने बदललेत, त्यालाच याची किंमत कळेल.

आता सर्वांत महत्त्वाचा भाग. ॲड-ऑन टाकताना 'सर्व संकेतस्थळांवरील तुमची माहिती वाचणे व बदलणे' अशा अर्थाची परवानगी मागितली जाते. आपण न वाचता 'हो' म्हणतो. याचा अर्थ तुम्ही पानावर जे बघता, टाइप करता, ते सगळं त्या प्रोग्रामला दिसू शकतं. जाहिरात अडवणाऱ्याला ही परवानगी लागतेच, पण कॅल्क्युलेटरला कशाला हवी?

आणि आज चांगलं असलेलं ॲड-ऑन उद्या चांगलं राहीलच असं नाही. 'द ग्रेट सस्पेंडर' वीस लाखांहून जास्त लोक वापरत होते. 2020 मध्ये ते विकलं गेलं, मालक बदलला, आणि फेब्रुवारी 2021 मध्ये घातक कोडमुळे गूगलने ते काढून टाकलं. वापरणाऱ्यांनी काहीच चूक केली नव्हती. अपडेट आपोआप येतात, तशी लबाडीही येते.

म्हणून माझे नियम असे :

- ॲड-ऑन ब्राउझरच्या अधिकृत दालनातूनच घ्यायचं. तिथेही नकला असतात, म्हणून बनवणाऱ्याचं नाव वाचायचं.
- काम आणि परवानगी यांचा मेळ बसत नसेल तर सोडून द्यायचं.
- महिन्यातून एकदा यादी उघडायची आणि न वापरलेलं काढून टाकायचं.
- सर्च किंवा पहिलं पान आपोआप बदललं, तर संशय पहिला ॲड-ऑनवर घ्यायचा.
- लॅबच्या पीसीवर पासवर्डचं ॲड-ऑन टाकायचं नाही.
- फी भरायची तर पत्ता स्वतः टाइप करायचा, सर्चमधून जायचं नाही.

आज रात्री मेसमधून आलात की पाच मिनिटं काढा आणि ॲड-ऑनची यादी उघडा. एखादं नाव बघून "हे मी कधी टाकलं?" असा प्रश्न पडला, तर विचार करत बसू नका, उडवा! आणि लॅपटॉप पार्टनरही वापरत असेल, तर त्याच्यासाठी तरी उडवा.