जुना लॅपटॉप : डागडुजी करावी की नवा घ्यावा?

धंद्यातील प्रत्येक अवजाराला आयुष्य असते. सुताराच्या रंध्याचे पाते घासून घासून आखूड होते, शिलाई मशीनचा पट्टा सैल पडतो, होडीच्या इंजिनाचे पिस्टन बदलावे लागतात. पाते झिजले म्हणून कोणी रंधा फेकून देत नाही. आणि इंजिनाचा ब्लॉकच फुटला तर नुसते पिस्टन बदलत बसत नाही. दुकानातल्या लॅपटॉपच्या बाबतीत मात्र हा साधा हिशेब आपण विसरतो. एक तर यंत्र मंद झाले की नवे घ्यायला धावतो, नाहीतर पूर्ण बंद पडेपर्यंत त्याच्याकडे ढुंकून पाहत नाही. दोन्हींत नुकसान आहे.

रत्नागिरीतील मासळीचे व्यापारी, आंबा बागायतदार, हार्डवेअरवाले, छापखानेवाले, फर्निचरचे कारागीर या सर्वांची बिले, उधारी आणि जीएसटीची विवरणे आज संगणकावर आहेत. म्हणून हा प्रश्न कसा सोडवावा, याची क्रमवार मांडणी आम्ही या लेखात करीत आहोत.

प्रश्न आताच का उभा राहिला?

मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज 10 या प्रणालीचा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबविला. त्या दिवशी लॅपटॉप बंद पडले नाहीत, ते पूर्वीसारखेच चालतात. परंतु प्रणालीत सापडणाऱ्या नव्या त्रुटींवरची सुरक्षा दुरुस्ती त्यांना आपोआप मिळत नाही. घरगुती वापरकर्त्यांसाठी कंपनीने 13 ऑक्टोबर 2026 पर्यंतची वाढीव सुरक्षा योजना जाहीर केली. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने साइन इन करून सेटिंगचा बॅकअप सुरू केल्यास त्या योजनेत पैसे न भरता नाव नोंदविण्याची सोय ठेवली गेली. तेवढ्याने विचाराला अवधी मिळतो, कायमचा उपाय होत नाही.

विंडोज 11 साठी किमान 4 जीबी रॅम, 64 जीबी साठवण आणि टीपीएम 2.0 ही सुरक्षा चिप लागते. इंटेलचे प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचे चालतात. पिढी ओळखणे सोपे आहे. प्रोसेसरच्या नावात 7200 असा आकडा असेल तर सातवी पिढी, 8250 असेल तर आठवी, 10210 असेल तर दहावी. कंपनीचा 'पीसी हेल्थ चेक' हा मोफत प्रोग्राम चालविला की यंत्र पात्र आहे की नाही, हे स्पष्ट दिसते. अपात्र यंत्रावरही आडमार्गाने विंडोज 11 बसवून देणारे भेटतात. पण अशा यंत्राला पुढे अद्ययावत दुरुस्त्या मिळतीलच, अशी हमी कंपनी देत नाही. ज्या यंत्रावरून बँकेचे व्यवहार होतात, त्यावर असा प्रयोग करू नये, असे आमचे मत आहे.

आधी दुखणे ओळखावे

'मशीन स्लो झाली' हे लक्षण आहे, रोग नव्हे. टास्क मॅनेजर उघडून काम चालू असताना पाच मिनिटे पाहावे.

1) डिस्कचा आकडा सतत शंभर टक्क्यांजवळ राहत असेल, आणि यंत्रात जुनी फिरती हार्ड डिस्क असेल, तर दोष बहुधा तिचाच. तिच्या जागी एसएसडी बसविली की यंत्र सुरू होण्याचा वेळ मिनिटांवरून सेकंदांवर येतो. जुन्या लॅपटॉपवर करावयाच्या खर्चांत सर्वांत जास्त फळ देणारा खर्च हाच.

2) मेमरी सतत भरलेली दिसत असेल तर रॅम वाढवावी. त्यापूर्वी मोकळा खाचा आहे का, की रॅम बोर्डावरच झाळलेली आहे, हे पाहावे. झाळलेली असेल तर ती वाढविता येत नाही. 2025 च्या अखेरीपासून जगभर रॅमचे भाव चढले. मोठ्या कंपन्यांच्या एआय केंद्रांची मागणी हे त्याचे मुख्य कारण. म्हणून जुन्या भावाच्या आठवणीवर न जाता त्या दिवशीचा भाव विचारावा. साठवणीच्या चिपांवरही या तेजीची झळ आहे.

3) यंत्र तापून मंद होत असेल, पंखा घरघरत असेल, तर आतली धूळ काढून प्रोसेसरवरची सुकलेली पेस्ट बदलावी. लाकडाचा भुसा उडणाऱ्या वर्कशॉपमध्ये हे काम वर्षातून एकदा हवेच.

4) बॅटरी टिकत नसेल तर दुरुस्ती करणाऱ्याकडून तिचा अहवाल काढून घ्यावा. मूळ क्षमता आणि आता पूर्ण चार्ज झाल्यावरची क्षमता, असे दोन आकडे त्यात असतात. दुसरा आकडा पहिल्याच्या निम्म्यावर आला असेल तर बदलण्याची वेळ झाली. बॅटरी फुगून टचपॅड वर उचलला गेला असेल, तर यंत्राचा वापर त्याच दिवशी थांबवावा. फुगलेली बॅटरी टोचू नये, दाबू नये. तिला आग लागू शकते.

5) मदरबोर्ड गेला असेल, पाणी शिरून गंज चढला असेल, किंवा बिजागरीसोबत बॉडीही फुटली असेल, तर हात आखडता घ्यावा. हा ब्लॉक फुटल्याचा प्रकार आहे.

आपल्या किनाऱ्याची हवा

कोकणात यंत्राचे आयुष्य हवामानही ठरविते. खारी हवा आणि पावसाळ्यातील दमटपणा यांमुळे बोर्डावरच्या जोडांना गंज धरतो. पावसाळ्यात बॅगेत बंद करून ठेवलेल्या लॅपटॉपपेक्षा रोज तासभर चालू राहणारा बरा, कारण आतली ऊब ओल काढून टाकते. मिरकरवाड्यासारख्या बंदराच्या ठिकाणी बर्फाच्या आणि मासळीच्या पेट्यांपासून यंत्र दूर, उंचावर असावे. विजा चमकू लागल्या की चार्जर काढून ठेवावा. दुकानाचे अर्थिंग नीट आहे का, हेही तपासून घ्यावे.

बॅटरीचे महत्त्व आपल्याकडे अधिक आहे. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात दापोली आणि मंडणगड भागांतील वीज कित्येक दिवस गेली होती. रोजची वीज जाण्या-येण्याची गोष्ट तर वेगळीच. चांगली बॅटरी हा लॅपटॉपचा स्वतःचा इन्व्हर्टर आहे. ती गेलेली असताना यंत्र नुसत्या चार्जरवर चालविणे म्हणजे वीज जाताच अर्धवट बिल आणि कधी कधी हिशेबाची फाइलही गमावणे.

खर्चाचा ताळा

आता हिशेब. पुढील आकडे नमुन्यादाखल आहेत. आपल्या गावचा भाव घालून तोच हिशेब करावा.

नवा लॅपटॉप 40,000 रुपये, त्यावर 18 टक्के जीएसटी 7,200, एकूण 47,200. तो पाच वर्षे, म्हणजे 60 महिने चालेल असे धरले, तर महिन्याला सुमारे 787 रुपये पडतात. जुन्याला एसएसडी, बॅटरी आणि साफसफाई मिळून 7,000 रुपये लागले आणि तो दोन वर्षे चालला, तर महिन्याला सुमारे 292 रुपये. तोच सहा महिन्यांत बंद पडला, तर महिन्याला 1,167 रुपये. म्हणजे डागडुजी नवा घेण्याहून महाग पडली.

म्हणून दुरुस्तीचा खर्च भागिले नव्याचा मासिक खर्च, हे सूत्र लक्षात ठेवावे. 7,000 भागिले 787 म्हणजे जवळजवळ नऊ. दुरुस्त केलेले यंत्र नऊ महिने चालले की खर्च फिटला. त्यात काम बंद राहण्याचा तोटाही मिळवावा. दुरुस्तीपायी दोन दिवस यंत्र नसेल आणि दिवसाला 2,000 रुपयांचे काम अडत असेल, तर 11,000 भागिले 787, म्हणजे चौदा महिने. यंत्र तेवढे टिकेल का, असा सरळ प्रश्न कारागिराला विचारावा. ज्याचे काम एप्रिल-मे महिन्यांतील हापूसच्या हंगामावर अवलंबून आहे, त्याने दुरुस्ती फेब्रुवारीपर्यंत उरकावी. ऐन हंगामात एक दिवसही महाग असतो.

कराची बाजूही पाहावी. जीएसटीची नियमित नोंदणी असलेल्या आणि करपात्र माल विकणाऱ्या व्यापाऱ्याला धंद्यासाठी घेतलेल्या लॅपटॉपवरील 7,200 रुपयांची वजावट मिळते. त्याला तो 40,000 लाच पडतो. कंपोझिशन योजनेतील व्यापाऱ्याला ही वजावट नाही. ताजा आंबा आणि ताजी मासळी करमुक्त असल्याने केवळ त्यांचाच व्यापार करणाऱ्यालाही ती मिळत नाही. आयकरात संगणकावर 40 टक्के दराने घसारा धरता येतो. मात्र एका दिवसात एका विक्रेत्याला 10,000 रुपयांपेक्षा जास्त रक्कम रोखीने दिली तर ती घसाऱ्यासाठी धरली जात नाही. पैसे बँकेतून द्यावेत आणि बिल धंद्याच्या नावाने घ्यावे.

हप्त्याविषयी एक सूचना. 'नो कॉस्ट ईएमआय' या नावाखाली बहुधा व्याज आकारलेले असतेच. तेवढीच सूट किंमतीत दाखवून ते फिरवलेले असते आणि हप्ता क्रेडिट कार्डावरचा असेल तर व्याजाच्या रकमेवर जीएसटीही लागतो. व्याज टाळू इच्छिणाऱ्या आमच्या बांधवांनी जाहिरातीतील नावावर न जाता कर्जाचा कागद वाचावा. जुने यंत्र वर्षभर चालवून तेवढ्यात महिन्याला ठराविक रक्कम बाजूला काढणे आणि नवे रोखीच्या भावात घेणे, ही दुरुस्तीची खरी कमाई आहे.

दोन मधल्या वाटा

पहिली वाट मोफत प्रणालीची. विंडोज 11 न चालणाऱ्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट किंवा उबुंटू बसविता येते आणि तिला सुरक्षा दुरुस्त्या मिळत राहतात. केरळमधील सरकारी शाळांतील संगणक अनेक वर्षांपासून अशाच मुक्त प्रणालीवर चालतात. इंटरनेट, पत्रव्यवहार, लिबर ऑफिसमधील हिशेबाचे तक्ते आणि युनिकोड मराठी टंकलेखन यांवर उत्तम होते. परंतु टॅली, उर्दू मजकुरासाठीचे इनपेज, मराठीसाठीची श्रीलिपी हे प्रोग्राम विंडोजसाठी बनलेले आहेत. लग्नपत्रिका छापणाऱ्यांनी आणि टॅलीवर खाती ठेवणाऱ्यांनी ही वाट धरू नये. इतरांनी आधी पेन ड्राइव्हवरून चालवून पाहावे. बिलाचा प्रिंटर आणि डिजिटल सहीचा टोकन चालतो का, हे तपासून मगच जुनी प्रणाली काढावी.

दुसरी वाट कंपन्यांनी वापरून काढलेल्या, दुरुस्त केलेल्या लॅपटॉपची. घेताना प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा पुढचा असावा, बॅटरीचा अहवाल पाहावा, बायोसला कोणाचा पासवर्ड नसावा, पक्के बिल आणि लेखी वॉरंटी घ्यावी. बिल नसलेले स्वस्त यंत्र चोरीचे असू शकते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर पर्याय पुष्कळ मिळतात. पण बिघाड झाल्यास रत्नागिरीहून पुन्हा मुंबई गाठावी लागेल, तो खर्चही किंमतीत धरावा.

यंत्रापेक्षा वही मोलाची

22 जुलै 2021 रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले. दुकानेच्या दुकाने पाण्याखाली गेली. अशा वेळी बुडालेला संगणक पुन्हा विकत मिळतो, त्यातली उधारीची खाती मिळत नाहीत. ही वही दुकानदार आणि गिऱ्हाईक या दोघांचीही अमानत आहे. म्हणून डागडुजी असो वा नवे यंत्र, कारागिराच्या हाती देण्यापूर्वी हिशेबाच्या दोन प्रती कराव्यात. एक बाहेरच्या डिस्कवर, दुकानापासून दूर घरी, दुसरी ऑनलाइन. आणि जुने यंत्र विकताना त्यातली साठवण पूर्ण पुसून द्यावी किंवा डिस्क काढून घ्यावी. गिऱ्हाइकांच्या आधार आणि पॅनच्या प्रती भंगारात जाता कामा नयेत.

थोडक्यात निर्णय असा. यंत्र विंडोज 11 ला पात्र असेल आणि दोष डिस्क, रॅम, बॅटरी किंवा धुळीचा असेल, तर दुरुस्ती करावी. यंत्र अपात्र पण सुस्थितीत असेल आणि टॅली-इनपेजची गरज नसेल, तर मोफत प्रणाली बसवावी. यंत्र अपात्र असून धंद्याचे प्रोग्राम विंडोजचेच हवे असतील, किंवा बोर्ड गेला असेल, तर त्यावर आणखी पैसा न घालता पक्क्या बिलाचे वापरलेले किंवा नवे यंत्र घ्यावे. येत्या सुट्टीच्या दिवशी अर्धा तास काढून पात्रतेची आणि बॅटरीची तपासणी करावी, आणि हाती आलेले आकडे कागदावर मांडून मगच बाजारात जावे.