एक नाव, अनेक रोग

रोगांची नावे पुष्कळदा त्यांच्या कारणांच्या शोधापेक्षा जुनी असतात. इन्फ्ल्युएंझा हा मूळचा इटालियन शब्द असून त्याचा अर्थ ‘प्रभाव’ असा आहे. ग्रहताऱ्यांच्या प्रभावामुळे साथी उद्भवतात, अशी एके काळी समजूत होती. ती समजूत मागे पडली. नाव मात्र टिकून राहिले.

या नावाने पुढे एक मोठा घोटाळा निर्माण केला. १८८९ साली सुरू झालेल्या महासाथीचे कारण शोधताना रिचर्ड फायफर या जर्मन शास्त्रज्ञाला रुग्णांच्या कफात एक सूक्ष्म दंडाकृती जीवाणू आढळला. हाच इन्फ्ल्युएंझाचा जनक होय, असे त्याने १८९२ मध्ये जाहीर केले. १९१८ च्या महासाथीत एकट्या भारतात एक कोटीहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्या वेळी अनेक प्रयोगशाळांनी याच जीवाणूपासून लस तयार केली. परंतु कित्येक रुग्णांत हा जीवाणू सापडतच नव्हता. अखेर १९३३ साली इंग्लंडमधील स्मिथ, अँड्र्यूज आणि लेडलॉ यांनी मानवी इन्फ्ल्युएंझाचा विषाणू शोधून काढला. जीवाणू अडकून राहतील अशा गाळणीतूनही तो पार जात असे. फायफरचा जीवाणू अशा रीतीने त्या आरोपातून मुक्त झाला. तरी ‘हीमोफिलस इन्फ्ल्युएंझी’ हे नाव त्याला कायमचे चिकटले.

इन्फ्ल्युएंझाच्या विषाणूंचे ए, बी, सी आणि डी असे चार प्रकार आहेत. ए प्रकार रानटी पाणपक्ष्यांत, डुकरांत व माणसांत आढळतो. त्याच्या पृष्ठभागावरील दोन प्रथिनांवरून एच१एन१, एच३एन२ अशी उपप्रकारांची नावे पडली आहेत. १९१८, १९५७, १९६८ आणि २००९ या चारही महासाथी ए प्रकाराच्याच होत्या. बी प्रकार मुख्यतः माणसांत आढळतो आणि हंगामी साथी निर्माण करतो. सी प्रकाराचा आजार बहुधा सौम्य असतो. डी प्रकार प्रामुख्याने गुराढोरांत आढळतो.

‘पॅराइन्फ्ल्युएंझा’ हे विषाणू मात्र वेगळ्याच कुळातील आहेत. लहान मुलांच्या स्वरयंत्राला सूज येऊन त्यांना घोगरा, भुंकल्यासारखा खोकला होतो, तो पुष्कळदा यांच्यामुळे. उलट्या व जुलाब यांना काही जण ‘पोटाचा फ्ल्यू’ म्हणतात. त्याचा इन्फ्ल्युएंझाशी काहीच संबंध नसतो. तो बहुधा रोटाव्हायरस किंवा नोरोव्हायरस यांच्यामुळे होतो.

हा भेद केवळ पंडितांच्या उपयोगाचा आहे असे नव्हे. हीमोफिलसचा ‘बी’ प्रकार, म्हणजेच ‘हिब’, पाच वर्षांखालील मुलांत न्यूमोनिया आणि मेंदूच्या आवरणाचा दाह घडवून आणतो. तो जीवाणू असल्यामुळे त्यावर प्रतिजैविके चालतात. इन्फ्ल्युएंझाच्या विषाणूवर ती निष्प्रभ ठरतात. जीवाणूंचा दुय्यम संसर्ग झाल्यासच त्यांचा उपयोग होतो.

लसींचेही तसेच आहे. भारताच्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात पंचगुणी लसीचा समावेश २०११ मध्ये केरळ व तमिळनाडू या राज्यांपासून सुरू झाला. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात आणि ‘ब’ प्रकारची कावीळ यांच्याबरोबरच ती हिबपासूनही संरक्षण देते. इन्फ्ल्युएंझापासून मात्र देत नाही. याउलट इन्फ्ल्युएंझाची लस हिबला अडवू शकत नाही. विषाणूचे रूप सतत पालटत असल्यामुळे ती दरवर्षी नव्याने घ्यावी लागते. म्हणून मुलाच्या लसीकरणपत्रिकेवर ‘हिब’ची नोंद पाहून त्याला फ्ल्यू होणार नाही असे समजणे, ही फायफरच्या काळातील चूक पुन्हा करण्यासारखे आहे.