गाडी कोठे थांबते?

रेल्वे स्थानक म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे काय येते? गर्दी, हमाल, चहावाले, तिकिटांची रांग. यांपैकी काहीही नसलेले एक स्थानक इंग्लंडमध्ये आहे. त्याचे नाव बर्नी आर्म्स.

इंग्लंडच्या पूर्व भागात यार नदीच्या काठी दूरवर ओलसर, सपाट कुरणे पसरली आहेत. त्या कुरणांतून जाणारा नॉरिच ते यार्मथ हा लोहमार्ग १८४४ साली सुरू झाला. तेथील जमिनीचे मालक होते थॉमस ट्रेंच बर्नी. जमीन विकताना त्यांनी रेल्वे कंपनीला एक अट घातली. येथे कायमचे स्थानक असावे, ही ती अट. तसा करार झाला. (जमीन, मालक, करार हे शब्द तर तुम्ही घरीही बोलता.)

कंपनीने स्थानक बांधले. गाड्या थांबू लागल्या. पण काही वर्षांनी त्या न थांबताच पुढे जाऊ लागल्या. कंपनीचे म्हणणे असे, की करारात स्थानक ठेवावे एवढेच लिहिले आहे. गाडी थांबवावी, असे लिहिलेले नाही. काय म्हणावे या हुशारीला! बर्नींनी माघार घेतली नाही. वाद पुष्कळ लांबला. शेवटी, आठवड्यातील ठरावीक दिवशी गाडी थांबवण्याचे कंपनीने कबूल केले.

आजही तेथे मोटारींचा रस्ता पोहोचलेला नाही. लोक रेल्वेने, होडीने किंवा पायी येतात. फलाट अगदी आखूड आहे. उतरायचे असेल, तर गार्डला आधी सांगावे लागते. चढायचे असेल, तर चालकाला दिसेल असा हात करावा लागतो.

एप्रिल २०१९ ते मार्च २०२० या वर्षात या स्थानकाचा वापर फक्त ४२ प्रवाशांनी केला. साऱ्या ब्रिटनमध्ये हा आकडा सर्वांत लहान होता. पण हसू नका. सिग्नलच्या कामासाठी हा मार्ग २०१८ च्या ऑक्टोबरपासून २०२० च्या फेब्रुवारीपर्यंत बंद होता. गाडीच नाही, तर प्रवासी कोठून येणार?

येथे येणाऱ्यांत पक्षी पाहणारे आणि पायी भटकणारे लोक अधिक असतात. नदीकाठी जुनी, सात मजली पवनचक्की उभी आहे. ती पाहायला जरूर जावे. पण परतीच्या गाडीची वेळ आधी विचारून घ्यावी. येथे थांबणाऱ्या गाड्या थोड्याच आहेत. गाडी चुकली, तर बांधावरून यार्मथपर्यंत सात-आठ किलोमीटर चालावे लागते.