मण्यार : न दुखणारा दंश

आपल्या भागात माणसाच्या जिवावर उठणारे साप मुख्यतः चार. नाग, घोणस, फुरसे आणि मण्यार. नाग फणा काढतो. घोणस कुकरच्या शिट्टीसारखा आवाज करते. फुरसे अंगावरचे खवले घासून करकर करते. मण्यार मात्र कसलीच सूचना देत नाही, आणि त्याच्या दंशाची वेदनाही फारशी होत नाही. म्हणून या सापाची माहिती प्रत्येक पाड्यावर पोहोचली पाहिजे.

ओळख कशी पटवावी?

मण्यार काळा किंवा निळसर काळा, चकचकीत असतो. लांबी साधारण तीन फूट. अंगावर पांढरे, बारीक, आडवे पट्टे असतात, बहुधा जोडीजोडीने. मानेजवळ ते नसतात किंवा पुसट असतात. शेपटीकडे स्पष्ट होत जातात. बिनविषारी कवड्याचे याच्या उलट असते. त्याचा रंग तपकिरी, पट्टे मानेपासूनच ठळक आणि शेपटीकडे पुसट. तरीही अंधारात दोघांत गल्लत होते. संशय आला तर मण्यारच समजावे आणि दूर राहावे.

तो घरात का येतो?

मण्यार निशाचर आहे. उंदीर, पाली, बेडूक आणि दुसरे साप हे त्याचे खाणे. घरात धान्य असते, धान्यामागे उंदीर येतात आणि उंदरांमागे मण्यार. कुडाच्या भिंतीच्या फटीतून तो सहज आत शिरतो. जमिनीवर झोपलेल्या माणसाचा हात किंवा पाय हलला की चावतो. दात बारीक असल्याने खूण पुष्कळदा दिसत नाही, सूज येत नाही. मुंगी चावली असेल असे म्हणून माणूस पुन्हा झोपतो.

पहाटेची लक्षणे

काही तासांनी पोटात जोराची कळ येते, उलटी होते. मग पापण्या जड होऊन मिटू लागतात, गिळता येत नाही, लाळ गळते, बोलणे अडखळते. हे विष नसांकडून स्नायूंना जाणारा निरोप तोडते. शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. पोटदुखी म्हणून ओवा खाऊन वाट पाहण्यात मोलाचे तास जातात. रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला पहाटे पोटदुखी आणि पापण्या जड, एवढे दिसले तरी मण्यारचा दंश समजून निघावे.

काय करावे?

१०८ क्रमांकावर फोन करावा, किंवा मिळेल त्या वाहनाने सरकारी रुग्णालय गाठावे. रुग्णाला चालवू नये. दंश झालेला हात-पाय फळीला सैल बांधून स्थिर ठेवावा. करकचून दोरी बांधू नये, चिरा देऊ नये, विष चोखू नये. तोंडावाटे पाणी, पाला, मिरची काहीही देऊ नये. गिळता न आल्याने ते श्वासनलिकेत जाते. लाळ गळत असेल तर कुशीवर निजवावे. साप मारून नेण्याची गरज नाही. आपल्याकडची सर्पविषविरोधी लस वर सांगितलेल्या चारही सापांवर चालते.

लस लवकर मिळणे महत्त्वाचे, कारण नसांना आधीच झालेली इजा तिने भरून येत नाही. ती भरायला दिवस लागतात, आणि तोवर कृत्रिम श्वासावर ठेवावे लागते. अशा रुग्णाचे डोळे उघडत नाहीत, हात हलत नाही. पण तो ऐकत असू शकतो. "संपला" म्हणून घरी परत आणू नये. योग्य उपचाराने असे रुग्ण उठून घरी गेले आहेत.

भगतावर लोकांचा विश्वास असतो. त्यांच्याशी वाद घालू नये. "बाबा, आधी दवाखान्यात पाठवा," एवढे त्यांच्या तोंडून निघाले तरी कित्येक जीव वाचतील.

आधीच काळजी

खाट असेल तर खाटेवर झोपावे. नसेल तर मच्छरदाणी लावून तिच्या कडा अंथरुणाखाली खोचाव्यात. नेपाळच्या तराई भागातील अभ्यासात मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना सर्पदंश कमी झाल्याचे दिसले आहे. धान्य आणि लाकूडफाटा झोपण्याच्या जागेपासून लांब ठेवावा. कुडाच्या फटी लिंपाव्यात. रात्री बॅटरीशिवाय बाहेर पडू नये.

पाड्याच्या बैठकीत विचारा :

१. आपल्या पाड्यावर किती जण जमिनीवर मच्छरदाणीविना झोपतात?
२. लस असलेले सर्वांत जवळचे रुग्णालय कोणते?
३. मध्यरात्री वाहन कोणाकडे मिळेल?