मजुरी हे कर्ज आहे

वाचकहो, रमजानच्या अखेरच्या आठवड्यात आपल्या मोहल्ल्यातील एखाद्या शिलाईच्या दुकानात डोकावून पाहा. एकच मशीन, एकच माणूस आणि भिंतीलगत कापडाच्या पिशव्यांचा ढीग. प्रत्येक पिशवीवर ग्राहकाचे नाव व कपडे देण्याची तारीख लिहिलेली असते. ती तारीख म्हणजे दिलेले वचन होय. अशा वेळी दुकानदाराच्या मनात येते, एखादा कारागीर ठेवावा काय? वरवर पाहता हा नफ्यातोट्याचा प्रश्न आहे. परंतु ज्या दिवशी आपण दुसऱ्याला कामावर ठेवतो, त्या दिवसापासून अल्लाहच्या एका दासाचा हक्क आपल्या मानेवर येतो.

एकट्याने धंदा करण्यात कमीपणा मुळीच नाही. आदरणीय दाऊद (अ.) प्रेषित होते आणि राज्यकर्तेही होते, तरी चिलखते बनवीत. त्यांच्या कड्या योग्य मापाने जोडण्याची आज्ञा कुरआनच्या सूरह सबामध्ये आली आहे. स्वतःच्या हातच्या कमाईहून उत्तम अन्न कोणी खाल्ले नाही, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितले आणि उदाहरण दाऊद (अ.) यांचेच दिले (बुखारी). आदरणीय जकरिया (अ.) सुतार होते (मुस्लिम). म्हणून ईदच्या दहा दिवस आधी ‘नवीन काम घेणे बंद’ अशी पाटी लावणारा शिंपी मागासलेला नव्हे. उलट सर्वांचे कापड घेऊन चांदरातीला अर्ध्या ग्राहकांना रिकाम्या हाताने परत पाठविणाऱ्याने विचार करावा.

तथापि काम खरोखरच दोन हातांपलीकडे गेले, तर माणूस ठेवणे योग्यच आहे. मात्र त्यापूर्वी एक भेद समजून घ्यावा. फिकहमध्ये मजुराचे दोन प्रकार मानले जातात. अजीरे मुश्तरक हा अनेकांचे काम घेतो. काम पुरे केले की मोबदला मिळतो. ग्राहकांच्या दृष्टीने शिंपी स्वतः हाच असतो. अजीरे खास हा ठरलेल्या मुदतीसाठी आपला वेळ एकाच मालकाला देतो. तो कामावर हजर राहिला की मजुरीचा हक्कदार ठरतो, मग मालकाजवळ त्या दिवशी काम असो वा नसो. हनफी फिकहमध्ये हे स्पष्ट आहे. एकट्याच्या धंद्यात मंदी आली तर आपण आणि आपले घर पोट आवळू शकतो. पण कारागिराच्या पोटाला चिमटा घेण्याचा अधिकार आपल्याला नाही.

माझ्या परिचयाच्या एका शिंप्याने रमजानसाठी दोन कारागीर महिन्याच्या पगारावर ठेवले होते. ईदनंतरही त्यांना पगारावर ठेवले, पण शव्वालमध्ये दुकान थंडावले. महिन्याच्या मध्यावर त्याने दोघांना सांगितले, “घरी जा, काम आले की बोलावतो.” वर त्या महिन्याच्या झालेल्या पंधरा दिवसांचे पैसेही, ग्राहकांकडे उधारी अडकली आहे म्हणून, राहून गेले. एकाने मागून मागून आपले पैसे वसूल केले. दुसरा भिवंडीकडे गेला तो परतलाच नाही. आठ वर्षांनी हजला निघताना या गृहस्थाला ते पैसे आठवले. मौलाना साहेबांनी उत्तर दिले की देणे जसेच्या तसे उभे आहे. त्याचा शोध घ्या, तो हयात नसेल तर वारसांना द्या. सर्व प्रयत्न थकले तर त्याच्या वतीने सदका करा, पण तो कधी समोर आलाच तर पुन्हा देण्याची तयारी ठेवा.

ग्राहकाने पैसे दिले नाहीत, हा आपला आणि ग्राहकाचा व्यवहार आहे. कारागिराने काम ग्राहकासाठी नव्हे, आपल्यासाठी केले. घाम सुकण्यापूर्वी मजुरी देण्याची ताकीद (इब्ने माजा) आपण जुम्याच्या खुत्ब्यात कितीदा ऐकतो. पूर्ण काम करून घेऊन मजुरी न देणाऱ्याविरुद्ध कयामतच्या दिवशी स्वतः अल्लाह वादी असेल, ही हदीस (बुखारी) मात्र पगाराच्या तारखेला क्वचितच आठवते.

आपल्याकडे ‘शिकाऊ’ मुलाला महिनोन्महिने फुकट राबविण्याची रीत आहे. उस्तादाने हुनर दिले, आणखी काय हवे, असे म्हटले जाते. शिकविणे हाच मोबदला असेल, तर किती महिने आणि काय शिकविणार हे पहिल्या दिवशी ठरले पाहिजे. मदयनच्या वयोवृद्धांनी आदरणीय मूसा (अ.) यांना कामावर ठेवताना मुदत आठ वर्षांची ठरविली, दहा पूर्ण करणे त्यांच्या मर्जीवर सोडले आणि आपण त्यांना कष्टात टाकू इच्छित नाही, हेही सांगून टाकले (सूरह कसस).

बारमाही पगार देण्याइतके काम नसेल, तर नगावर मजुरी ठरवून शिलाई बाहेर द्यावी. मोहल्ल्यातील अनेक भगिनी घरी मशीन चालवितात. दर आधी सांगावा आणि नग हातात आला की पैसे द्यावेत. पगारीच ठेवायचा असेल, तर पुढील तीन मंदीच्या महिन्यांची मजुरी आधी बाजूला काढून ठेवता येते काय, ते पाहावे. त्या शिंप्याने हजहून आल्यावर दुकानात एकच मशीन ठेवले आहे. भिवंडीतील त्या कारागिराचा पत्ता तो अजून शोधत आहे.