सरवा आणि सण : नामीच्या घराचा धडा

शास्त्रपाठ : रूथ, अध्याय १, २ व ४; लेवीय २३ : १५-२२; अनुवाद १६ : ९-१२.

नाताळ जवळ आला की बेथलेहेम हे नाव आपल्या मंडळ्यांत लहान मुलांच्याही तोंडी असते. त्या नावाचा अर्थ भाकरीचे घर. परंतु गव्हाणीच्या त्या रात्रीपूर्वी कित्येक शतके याच भाकरीच्या घरी एकदा भाकर नव्हती, हे पुष्कळांच्या ध्यानात नसते. शास्त्यांच्या काळी तेथे दुष्काळ पडला, आणि अलीमलेख नावाचा गृहस्थ बायको व दोन मुलगे यांस घेऊन मवाब देशी पोट भरावयास गेला. पोटासाठी गाव सोडणे म्हणजे काय, हे आपल्या लोकांस समजावून सांगणे नको. १९७२ च्या दुष्काळात ज्यांनी खडी फोडून व सुकडी खाऊन दिवस काढले, त्यांतील काही जण आज आपल्यामध्ये आजोबा-आजी होऊन बसले आहेत, त्यांस विचारावे.

मवाबात अलीमलेख वारला. मुलांनी तेथील मुली केल्या, व सुमारे दहा वर्षांत तेही दोघे गेले. मायदेशी पुन्हा अन्न पिकू लागल्याचे कानी आले तेव्हा नामी परत निघाली. अर्पा ही सून रडत माहेरी वळली. शास्त्राने तिला एका शब्दानेही दोष दिलेला नाही, तेव्हा आपणही देऊ नये. दुसरी, रूथ, सासूला धरून राहिली.

आता बेथलेहेमात पोहोचल्यावरचा प्रसंग सावकाश वाचावा. गावच्या बायका जमतात, ही नामीच की काय, असे एकमेकींस विचारतात. ती त्यांस सांगते की, मला नामी म्हणजे मनोरमा म्हणू नका, मारा म्हणजे कडू म्हणा. भरल्या घरची मी गेले आणि रिकामी आले. एवढेच नव्हे, तर हे सर्व देवानेच केले, असेही ती उघड बोलते. तिला कोणी गप्प केल्याचे शास्त्रात नाही. आम्हां उपदेश करणाऱ्यांस येथे थोडी लाज वाटावी. सणाच्या दिवशी शोकाच्या घरी जाऊन, रडू नका, विश्वास धरा, असे आम्ही फार लवकर सांगतो. आणि ते ऐकून घरची बाई पदराने तोंड झाकून आत निघून जाते. नामीला कडू बोलण्याची मोकळीक होती, म्हणून ती पुढे गोड बोलू शकली.

मात्र एक गोष्ट तिलाही त्या दिवशी दिसली नाही. रिकामी आले असे ती म्हणाली तेव्हा रूथ तिच्याबरोबरच आलेली होती.

सातूची कापणी नुकतीच लागली होती. रूथ सरवा वेचावयास गेली. सरवा म्हणजे काय हे शहरच्या वाचकांस कदाचित सांगावे लागेल. खेड्यात पीक निघाल्यावर रानात मागे राहिलेली कणसे वा शेंगा वेचणाऱ्या बाया आपण पाहिल्या आहेत. इस्राएलात ही मालकाची मेहेरबानी नव्हती. शेताचे कोपरे कापू नयेत व गळालेले उचलू नये, ते गरिबाचे व उपऱ्याचे, असा नियमच होता. बवाजाने त्याहून अधिक केले. पेंढ्यांतून मुद्दाम काही ओढून टाकावे आणि तिला धमकावू नये, असे त्याने गड्यांस सांगितले, व जेवणाच्या वेळी तिला आपल्या माणसांत बसवून हुरडा दिला. ती पोटभर जेवली, आणि उरलेले तिने बांधून ठेवले. संध्याकाळी झोडलेले धान्य सुमारे एक एफा, म्हणजे अंदाजे २२ लिटर भरले. ते तिने सासूला दाखविले, आणि मग तो राखून ठेवलेला हुरडा काढून दिला. आमच्या मते नामीचे मोडलेले घर या क्षणी पुन्हा उभे राहिले. छप्पर कोणते होते ते ग्रंथ सांगत नाही. सुनेने सासूसाठी घास राखला, एवढे सांगतो.

या ग्रंथात सणाचा उल्लेख नाही; पण यहूदी लोक गव्हाच्या कापणीच्या सुमारास येणाऱ्या सप्ताहांच्या सणाला तो वाचतात. लेवीयचा तेविसावा अध्याय उघडला म्हणजे त्यातील औचित्य कळते. तो सगळा अध्याय सणांचा. त्यात सप्ताहांच्या सणाचे विधी सांगून होतात न होतात तोच सरव्याचा नियम येतो, आणि मग पुन्हा सण सुरू होतात. पंचांगाच्या मध्येच कोणी शेताचा बांध आखावा तसे हे दिसते. अनुवादात तर त्या सणाला कोणी आनंद करावा याची यादीच आहे : मुलगा, मुलगी, दास, दासी, लेवी, उपरी, पोरका व विधवा. ही सर्व माणसे एकाच पंगतीस धरली आहेत.

आता आपल्या गावांकडे वळू. डिसेंबर हा ऊसतोडीचा भर हंगाम. बीड, अहिल्यानगर आदी जिल्ह्यांतून नवराबायको मिळून एक कोयता, या हिशेबाने मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात गेलेली असतात. उचल फिटेपर्यंत परत येणे नाही. सण असो वा दुखणे असो. पुष्कळांची मुले गावी म्हाताऱ्यांपाशी राहतात. आपल्या मंडळीतून जी घरे अशी गेली असतील, त्यांच्या मागे राहिलेली आजी ही नामी आहे. तिच्या घरी आकाशकंदील लावून येणे पुरे नव्हे. तिला व नातवंडांना जेवावयास घरी आणावे. जमल्यास जेवणापूर्वी फोन लावून फडावरच्या आईबापांशी त्यांचे बोलणे करून द्यावे. आणि ज्या मंडळ्या कारखान्यांच्या आसपास आहेत, त्यांच्या गावकुसाबाहेर कोप्यांत रूथ उतरलेली आहे. ती आपल्या धर्माची नसेल. रूथही बेथलेहेमची नव्हती.

हा धडा शिकविणाऱ्या बंधुभगिनींनी शेवटी वर्गास एकच विचारावे : नाताळच्या दिवशी आपल्या गावात कोणाच्या चुलीवर एकट्याचाच स्वयंपाक होणार आहे? नावे सांगू द्यावीत, व घाई करू नये. मग रूथचा चौथा अध्याय मोठ्याने वाचावा. तेथे नामीच्या मांडीवर एक मूल आहे. ते तिच्या पोटचे नव्हे, सुनेला दुसऱ्या पतीपासून झालेले. तरी शेजारणी म्हणतात की नामीलाच मुलगा झाला, आणि त्याचे ओबेद हे नाव त्याच ठेवतात.