'नाही' म्हणायची सोय

'डेटिंग' हा विषय कोणत्याच सेमिस्टरच्या सिलॅबसमध्ये नाही, तरी होस्टेलवर रात्री एक वाजता सर्वांत जास्त अभ्यास याचाच चालतो! चार वर्षांत माझ्या रूमवर एवढ्या 'केसेस' आल्या की ज्युनिअर पोरं आता सरळ सल्लाच विचारतात. म्हणून हा लेख. (मी काही एक्स्पर्ट नाही, फक्त ऐकून घेतो.)

सुरुवात आपल्या मंडईपासून करू. मंडई म्हणजे भाजीबाजार नव्हे, हे बाहेरगावच्या मित्रांसाठी. दिवाळी झाली की भंडारा-गोंदियाकडे गावोगावी मंडई भरते. दंडार, खडी गंमत, रात्रभर नाटक, आणि घरोघरी पाहुणेच पाहुणे. या पाहुण्यांतच सोयरिकी जुळतात. मुलगा मामाकडे आलेला, मुलगी आत्याकडे. पसंत पडली तरी मुलगा स्वतः विचारत नाही, एखादे काका शब्द टाकतात. जमणार नसेल तर मुलीकडचे म्हणतात, "यंदा करायचं नाही." विषय संपला. कोणाचा अपमान नाही की भांडण नाही. या पद्धतीत खोट होतीच. मुलीला फारसं कोणी विचारत नसे, आणि जातीबाहेरचं तर नावच नको. पण मध्यस्थाने एक काम चोख केलं, नकार देणं सोपं ठेवलं.

आपण मध्यस्थ काढून टाकला. छानच केलं! पण त्याचं ते काम आता कोणी करायचं? माझ्या पाहण्यातल्या बहुतेक केसेस इथंच फेल झाल्या.

एकाने वाढदिवसाला कँटीनमध्ये सगळ्या बॅचसमोर गुलाब दिला. ती 'हो' म्हणाली, टाळ्या पडल्या. महिनाभरात सगळं संपलं. नंतर तिने मैत्रिणीला सांगितलं, "पन्नास जण मोबाईल काढून उभे होते, मी दुसरं काय बोलणार होते?"

दुसरी चूक जागेची. भंडारा लहान आहे. खांब तलावाजवळ दोघं दिसले की संध्याकाळपर्यंत बातमी घरी. म्हणून पहिल्याच भेटीला बाईकवर रावणवाडीचं धरण, नाहीतर साठेक किलोमीटरवरचं नागपूर. लपावंसं वाटतं हे मला समजतं, कारण बोभाटा झाला तर मुलगा चार शिव्या खातो आणि मुलीचं कॉलेज बंद होऊ शकतं. पण जरा तिच्या बाजूने पाहा. गाडी तुझी, रस्ता तू ठरवलेला. तिला कंटाळा आला किंवा भीती वाटली तर ती उठून जाणार कशी? पहिली भेट दिवसा, माणसांत, ऑटो मिळेल अशा ठिकाणी, अर्ध्या तासाची पुरे. मैत्रीण सोबत आली तर तोंड वाकडं करू नये!

तिसरी चूक सर्वांत महागाची. "सध्या अभ्यास आहे", "आपण मित्रच बरे", याचा अर्थ 'नाही'. मंडईतलं "यंदा करायचं नाही" अडाणी माणसालाही कळायचं, आपल्या इंजिनिअरला कळत नाही. "सरळ नाही तर नाही म्हणाली ना, मग चान्स आहे बे!" असं म्हणणारा एक मित्र प्रत्येक रूमवर असतो. मग नव्या नंबरवरून मेसेज, बसस्टॉपवर उभं राहणं, ऑनलाईन कधी होती याची पाळत. सिनेमात याला चिकाटी म्हणतात. २०१३ पासून आपल्या कायद्यात पाठलाग हा स्वतंत्र गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये येतो. मुलीने स्पष्ट अनिच्छा दाखवल्यावरही पुन्हा पुन्हा संपर्क साधला आणि पहिल्यांदा दोषी ठरलात, तर तीन वर्षांपर्यंत कैद. नेटवरची पाळतही त्यातच येते.

'हो' मिळाल्यावर पासवर्ड मागणारे, ब्लू टिकवरून भांडणारेही आहेत. त्यांच्यावर वेगळा लेख लागेल.

मग विचारायचं कसं? एकदाच, स्वतः, आणि साध्या शब्दांत: "मला तू आवडतेस. उत्तर आजच दे असं नाही. आणि नाही असेल तरी प्रॅक्टिकलची बॅच बदलायची गरज नाही." यातलं शेवटचं वाक्य गाळू नका, कारण तेच तिला मोकळं करतं. नकारानंतरही व्हायव्हा, जर्नल, प्रोजेक्ट एकत्रच असतात.

एका ज्युनिअरने हे वाक्य जसंच्या तसं वापरलं. ती 'नाही' म्हणाली. दोघांनी प्रोजेक्ट एकाच ग्रुपमध्ये सबमिट केला, आणि बाइंडिंगचे पैसे त्याच्याकडे अजून बाकी आहेत म्हणे!